कंपनी नसलेलं गाव

आमच्या मंडळात गाणारे मिळतात, खुर्च्या उचलणारे मिळत नाहीत. संगीत नाटक करणाऱ्या बहुतेक हौशी संस्थांचं हेच रडगाणं असावं. पद म्हणायला चौघे पुढे येतील, पण तालीम संपल्यावर सतरंजी झटकून घडी घालायची म्हटली की प्रत्येकाला घरची आठवण येते. मी स्वतः गात नाही. गळ्याच्या नावाने आनंदच आहे. मी विंगेत संहिता घेऊन बसते, प्रॉम्प्टिंग करते, आणि कुणी दोन वाक्यं खाऊन पुढे गेला तर समोरच्याने कुठून उचलायचं ते खुणेने सांगते. त्यामुळे नाटक मला कायम बाजूनेच दिसत आलंय. आमच्या ‘संगीत शारदा’त प्रेक्षकांना शारदेचा शालू दिसतो, मला तिच्या मानेवर माइकची वायर चिकटवलेली पट्टी दिसते.

मंडळ म्हणजे तरी कोण? सातपूरच्या कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करणारा एक पोरगा आमचा कोदंड, म्हणजे ‘शारदा’चा नायक. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका भुजंगनाथ. आयुष्यभर नोटा छापल्या आणि आता म्हातारपणी श्रीमंत नवरदेव झालो, हा त्यांचा ठरलेला विनोद, नवीन माणूस आला की त्याला ऐकवतात. भद्रेश्वर दीक्षित करतो तो पिंपळगावकडचा द्राक्षबागायतदार. लग्न जुळवून दलाली खाणारा तो दीक्षित इतका गोड बोलतो, की बघताना राग यायच्या आधी कौतुक वाटतं. पण ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की हा माणूस गायब. म्हणून आमचं वेळापत्रक कारखान्याच्या शिफ्टवर आणि द्राक्षाच्या छाटणीवर चालतं. सण-मुहूर्त वगैरे नंतर.

‘हे सगळं कशासाठी?’ असं लोक विचारतात. तिकीट दीडशे रुपये, हॉलचं भाडं त्याच्या कित्येक पट, समोर पांढऱ्या केसांच्या चार-पाच रांगा आणि मागे रिकाम्या खुर्च्या. हिशेब मांडला तर हा उद्योग कुठल्याच बाजूने बसत नाही. संस्कृती जपायला, असं उत्तर आमचे अध्यक्ष देतात. मला ते पटत नाही. लोणचं जपतात, संस्कृती कशी जपणार? माझं उत्तर वेगळं आहे, पण त्यासाठी नाशिकचं थोडं मागचं बघावं लागेल.

सांगलीला, पुण्याला जशी नाटक मंडळ्यांची परंपरा, तशी नाशिकला नाही. इथे कंपन्या यायच्या, मुक्काम ठोकायच्या आणि जायच्या. १८८०च्या ऑक्टोबरात पुण्याला अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ झालं, १८८२ला ‘सौभद्र’ आलं, आणि त्यानंतरची पन्नासेक वर्षं महाराष्ट्रातल्या मोठ्या गावांनी कंपनीचा मुक्काम हा एक सणासारखाच प्रकार अनुभवला. नटमंडळी, वाजवणारे, पडदे ओढणारे, आचारी, शिकायला ठेवलेली पोरं, असा सगळा बारदाना गावात उतरायचा. वाडा भाड्याने घ्यायचा, मुदपाक मांडायचा. शिंप्याला काम, सोनाराला काम, फुलवाल्याला रोजचा गिऱ्हाईक. शाळेसाठी, वाचनालयासाठी, कुठल्या तरी फंडासाठी एखादा मदतीचा प्रयोग लावायचा, हीही रीत होती. १९२१च्या जुलैत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ केलं ते टिळक स्वराज्य फंडासाठी, आणि त्याच्या आठवणी अजून काढल्या जातात. तसे छोटे प्रयोग गावोगाव होत. त्यांच्या आठवणी कोण काढणार?

नाशिकला अशाच एका प्रयोगाने इतिहासात ढकललं. २१ डिसेंबर १९०९. विजयानंद थिएटर. माझ्या आईच्या पिढीला ते सिनेमाचं थिएटर म्हणून माहीत, पण त्या रात्री तिथे किर्लोस्कर नाटक मंडळीचं ‘संगीत शारदा’ होतं, आणि शारदेच्या भूमिकेत एकवीस वर्षांचे बालगंधर्व. कलेक्टर जॅक्सनची मुंबईला बदली झालेली, त्याला निरोप म्हणून हा प्रयोग. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक, मराठी नाटकांची आवड असलेला. आणि त्याच जॅक्सनच्या कारकिर्दीत बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झालेली. औरंगाबादहून आलेला जेमतेम अठरा वर्षांचा अनंत कान्हेरे प्रेक्षकांत होता. जॅक्सन आत आला आणि कान्हेरेने गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे आणि देशपांडे फाशी गेले.

ही गोष्ट नाशिककराला पाठ असते. क्रांतिकारकांच्या बाजूने ती सांगितली जाते, आणि तशीच सांगायला हवी. पण विंगेत बसणारी बाई म्हणून माझं लक्ष भलतीकडेच जातं. त्या रात्री त्या एका हॉलमध्ये कोण कोण होतं बघा. गोरा कलेक्टर, त्याला निरोप द्यायला जमलेली गावातली प्रतिष्ठित मंडळी, त्याला मारायला आलेला पोरगा, आणि रंगपटात शालू नेसून बसलेले बालगंधर्व. एकमेकांच्या ओसरीवरसुद्धा न चढणारी माणसं एका छपराखाली आली ती ‘शारदा’साठी. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याला कोवळी मुलगी विकणाऱ्या बापाचं हे नाटक गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ला रंगभूमीवर आणलं. (१९२९च्या शारदा कायद्याचं नाव या नाटकावरून पडलं असं आमच्यातले काही जण अजून छातीठोकपणे सांगतात. तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाचा. योगायोग मोठा गोड आहे, पण योगायोगच.)

मग त्या हॉलमध्ये कोण नव्हतं, हाही प्रश्न आलाच. गावठाणातून नदी ओलांडून पंचवटीत गेलं की काळाराम मंदिर. २ मार्च १९३०ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. ज्यांना मंदिरात जागा नव्हती त्यांना नाट्यसंगीताच्या मैफलीत मानाची खुर्ची असेल, असं समजायचं काही कारण नाही. पण गाणं काय फक्त ऑर्गनवर होतं? त्याच काळात याच जिल्ह्यात भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा गावोगाव फिरत होता. बाज तमाशाचा, ढोलकी तीच, पण विषय शिक्षणाचे, अस्पृश्यतेचे, मंदिरप्रवेशाचे. पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक याच वाटेने आयुष्यभर गात फिरले. संगीत, संवाद, प्रसंग, प्रेक्षक, फिरता संच, सगळं तिथे होतं. नाट्यसंगीताच्या इतिहासात मात्र या मंडळ्यांना स्वतंत्र प्रकरण मिळतं, तेही शेवटी. माझ्या मते नाशिकला स्वतःची म्हणावी अशी संगीत कंपनी होती, ती ही. फक्त तिला कंपनी म्हणायचं आपल्याला सुचलं नाही.

आमच्या अध्यक्षांना हे वाक्य आवडणार नाही. हरकत नाही. ते ब्लॉग वाचत नाहीत.

बोलपट आले आणि कंपन्या बसल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कमी बोललं जातं ते असं, की संगीत नाटक पुन्हा उभं राहिलं तेव्हा त्यातली दोन नाटकं नाशिकमध्ये बसलेल्या माणसांनी लिहिली. एचपीटी कॉलेजात शिकवणारे वसंत कानेटकर यांचं ‘मत्स्यगंधा’ १९६४ला आलं, पदंही त्यांचीच. वि. वा. शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’ १९६६चं. दोन्ही महाभारतातली, आणि दोन्हींचं संगीत जितेंद्र अभिषेकींचं. रात्र रात्र चालणाऱ्या जुन्या नाटकातलं पद म्हणजे स्वतंत्र बैठकच असायची. वन्समोअर पडले की कथानक बिचारं कोपऱ्यात उभं. अभिषेकींनी पद आटोपशीर केलं, प्रसंगाच्या पोटात बसवलं. ‘मत्स्यगंधा’तले रामदास कामत आणि आशालता यांची पदं आमच्या घरी रेडिओवर लागली की आजी भाकरी थापायची थांबायची, आणि आजी सहसा कशासाठी थांबणारी नव्हती.

पण गंमत बघा. लिहिलं नाशिकने, गायलं गोव्याने, ‘मत्स्यगंधा’ रंगमंचावर आणलं मुंबईच्या गोवा हिंदू असोसिएशनने. नाशिककडे लेखण्या होत्या, संच नव्हता. म्हणजे संस्था होत्या. शिरवाडकरांच्या लोकहितवादी मंडळाने इथे नाटकाची माणसं घडवली, १८४०पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, त्याचं साईखेडकर नाट्यगृह आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत आश्रम काढला, त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर जन्माने नाशिकचेच. गाणं होतं, नाटक होतं, दोन्ही एकत्र नांदवायला लागणारं बिऱ्हाड नव्हतं. बिऱ्हाड खर्चिक असतं. गद्य नाटकाला दोन खुर्च्या आणि एक टेबल पुरतं. संगीत नाटकाला ऑर्गन लागतो, तबला लागतो, गाणारा नट लागतो. आणि गाणारा नट हा प्राणी असा, की गाणं चांगलं असेल तर अभिनय बेताचा, दोन्ही चांगलं असेल तर रजा मिळत नाही.

आता तालमीचं सांगते.

तालीम एका शाळेच्या वर्गात होते. बाकं मागे सरकवायची, फळ्यावरचं गणित पुसायचं नाही, कारण दुसऱ्या दिवशी बाई रागावतात. ऑर्गनवर बसणारे काका सगळ्यांत आधी येतात. त्यांची सध्याची डोकेदुखी म्हणजे सूर. जुन्या कंपनीत नायक पुरुष आणि नायिकाही पुरुषच, त्यामुळे दोघांच्या गळ्यात फार अंतर नसायचं. आमची शारदा खरोखरीची मुलगी, ती गाते काळी चारमध्ये. कोदंडाची काळी एक, म्हणजे दोघांचा मूळ सूरच वेगळा. शारदेचं पद संपतं, मध्ये गद्याची तीन वाक्यं, आणि लगेच कोदंडाला गायचंय. शारदेचा षड्ज, म्हणजे तिचा सा, सगळ्यांच्या कानात अजून घुमत असतो आणि त्यातून कोदंडाला स्वतःचा काढायचा असतो. तो पोरगा पहिल्या काही तालमींत प्रत्येक वेळी चढाच लागायचा. काकांनी त्यावर तोडगा काढला. त्या तीन गद्य वाक्यांच्या खाली ते ऑर्गनवर अगदी हळू एक फिरत घेतात, काळी चारवरून निघून काळी एकवर येऊन थांबते. प्रेक्षकाला वाटतं, वातावरणनिर्मिती चालली आहे. प्रत्यक्षात पोराला जिना दाखवलेला असतो. तबलजी दोन सुरांत लावलेले दोन तबले घेऊन बसतो आणि त्याच तीन वाक्यांत एक सरकवून दुसरा पुढे ओढतो. आणि मी? त्याच तीन वाक्यांत माझा जीव टांगणीला, कारण ऑर्गनखाली माझा आवाज नटापर्यंत पोचत नाही. तिथे कोदंड विसरला तर गेला.

त्या पोराला नाट्यसंगीत घरून मिळालेलं नाही. वडील सिडकोत राहणारे, मूळ चाळीसगावकडचे. त्याने शाळेत प्रार्थना म्हटली, गणपतीत ऑर्केस्ट्रात गायला आणि कुणाच्या तरी ओळखीने इकडे आला. पहिल्या दिवशी भुजंगनाथ काकांनी विचारलं, ‘कुणाकडे शिकलात?’ तो म्हणाला, ‘यूट्यूबकडे.’ सगळे हसले. ऑर्गनवाले काका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘कुणाचं ऐकतोस?’ त्याने सहा नावं सांगितली, ती सहाही बरोबर होती. त्या दिवसापासून काका त्याला कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी घरी बोलावतात, काकू त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. फी हा विषय एकदाच निघाला आणि काकांनी तो असा काही झटकला की पुन्हा कुणी काढला नाही. काकांच्या बिल्डिंगमध्ये आधी लोक विचारायचे, हा कोण येतो? आता त्यांच्या सोसायटीच्या मोटारीचा पंप बिघडला की त्यालाच फोन जातो.

कशासाठी, याचं माझं उत्तर ते हे. प्रयोग वर्षातून मोजके होतात. तालमी मात्र महिनोन्‌महिने चालतात, आणि एरवी ज्यांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं अशी माणसं तिथे एकमेकांच्या सुराला सूर लावण्यात संध्याकाळ घालवतात. मशीनवाला आणि प्रेसवाले, द्राक्षवाला आणि शाळेतल्या बाई. एकमेकांचे राजकीय मेसेज वाचून व्हॉट्सअ‍ॅपवर भांडलेले दोघे जण तालमीत एकाच पेल्यातला चहा अर्धा-अर्धा करतात. प्रेम जडलंय असं नाही हो; पेले कमी असतात.

पण कौतुक पुरे, कारण याला मर्यादा आहे आणि ती मी पेठ तालुक्यात पाहिली. एका आश्रमशाळेत प्रयोग केला होता. बालविवाहाचा विषय, म्हणजे तिथे ‘शारदा’ लागू पडणार, अशी आमची गोड समजूत. भुजंगनाथाने मिशांना कलप लावला तेव्हा पोरं लोळून हसली. ‘म्हातारा इतुका न’ला तर मुलींनी दुसऱ्या कडव्यापासून टाळ्यांचा ठेका धरला. पण कोदंडाने आलाप घेतला की अंगण बोलायला लागायचं. तानेला खोकले. मागच्या बाजूला गावातले काही जण उभे होते, त्यांतला एक संबळ वाजवणारा. त्या भागात चैत्र-वैशाखात बोहाडा होतो. गणपती, रावण, नरसिंह, महिषासुर अशी सोंगं मुखवटे घालून रात्रभर नाचतात, पिपाणी आणि संबळ घुमतो, सोंगाचा मान घराण्याकडे असतो, पहाटे देवी महिषासुराला मारते. संगीत आहे, नाट्य आहे, अख्खं गाव त्यात आहे; तिकीटविक्रीची चिंता नाही. प्रयोग संपल्यावर तो माणूस आमच्या तबलजीला म्हणाला, ‘वाजवता ब्येस, पर ह्याच्यावर पाय उचलंना.’

तबलजी परतीच्या टेम्पोत गप्प होता. मला मात्र ते वाक्य आमच्यावर आजवर झालेल्या सगळ्या समीक्षेपेक्षा नेमकं वाटलं. त्यांच्याकडे शेकडो लोकांना रात्रभर जागं ठेवणारी कला होती, आणि आम्ही त्यांना जागृती द्यायला निघालो होतो. पुढच्या वर्षी आम्ही तिकडे गेलो ते बोहाडा बघायला. भुजंगनाथ काका पहाटे तीनला मुखवट्यांच्या मागे मागे मोबाइलचा टॉर्च घेऊन फिरत होते, आणि कुणीतरी त्यांना तो बंद करायला सांगितला.

पैशांचं आता उरकते. सरकारी संगीत नाट्यस्पर्धेत भाग घेतला की थोडा आधार होतो, एरवी वर्गणी. ड्रेपरी, म्हणजे कपडेपट, भाड्याने. मोठं नाट्यगृह घ्यायचं तर पोटात गोळा येतो; नूतनीकरण झालेल्या सभागृहातले एसी आम्हाला गारव्यापेक्षा बिलाने जास्त थंड करतात. जाहिरात द्यायला कुणी तयार झालं की त्याचं नाव नांदीच्या आधी किती वेळा घ्यायचं यावर कार्यकारिणीची बैठक. मागच्या खेपेला एका दात्याने आपल्या नातीला नाटकात घ्या म्हणून सुचवलं. घेतली. ती शारदेची मैत्रीण वल्लरी उत्तम करते, म्हणून तोंड बंद.

सध्या पुढचं नाटक कोणतं यावर रण माजलंय. ज्येष्ठांना ‘शारदा’च पुन्हा हवी, सगळं बसलेलं आहे म्हणून. तरुणांना ‘मत्स्यगंधा’. त्यांचं म्हणणं, साठ वर्षांपूर्वी याच गावात लिहिलं गेलं आणि आपण अजून हात लावला नाही, ही लाज आहे. आमच्या शारदेला सत्यवती करायची आहे. नावेतल्या कोळ्याच्या पोरीपासून हस्तिनापूरच्या सिंहासनापर्यंत पोचणारी बाई तिला रडणाऱ्या शारदेपेक्षा जवळची वाटते. पहिल्याच वाचनाला तिने संहितेत पेन्सिलीने खुणा करून आणल्या होत्या. ज्येष्ठांपैकी एकांनी हरकत काढली की कानेटकरांची पदं सगळ्यांच्या कानात मूळ आवाजात बसलेली आहेत, तुलना होणार. ऑर्गनवाले काका म्हणाले, ‘होऊ दे की. निदान कुणीतरी लक्ष देऊन ऐकेल.’ मला वाटतं मत तिथेच फिरलं.

तबलजीने एक अट घातली आहे: धीवरांच्या वस्तीच्या प्रसंगात त्याला तबल्याशिवाय आणखी काहीतरी हवंय, आणि त्यासाठी तो पेठला फोन करणार आहे. फोन लागला तर बघू. ‘मत्स्यगंधा’ ठरलं आहे. पराशर करणारा आमचा कोदंड सध्या सेकंड शिफ्टला, म्हणून तालीम सकाळी सातला. खुर्च्या उचलायची पाळी सत्यवतीची.